घरी गेले, पण बरे झाले काय?

‘आज इतके रुग्ण बरे होऊन घरी गेले.’ २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत हे वाक्य आपण रोज ऐकत होतो, वाचत होतो. बाधित किती, मृत किती आणि बरे किती, असे तीन रकाने असत. त्यातला तिसरा रकाना सत्ताधाऱ्यांच्या विशेष आवडीचा. रुग्ण बरे होण्याचा दर अमुक टक्क्यांवर गेला, असे मंत्री अभिमानाने सांगत. परंतु ‘बरे’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. माणसे प्राणवायूसाठी तडफडत होती, तेव्हा तो विचारण्याची वेळही नव्हती. आज मात्र तो विचारलाच पाहिजे.

८ मे २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णाला घरी सोडण्याचे सुधारित नियम काढले. मध्यम आजारी माणसाचा ताप उतरला, बाहेरच्या ऑक्सिजनशिवाय रक्तातील प्राणवायूचे प्रमाण टिकले आणि दहा दिवस झाले की त्याला घरी पाठवायचे. खाटा मोकळ्या होणे गरजेचे होते, हे मान्य. पण ‘घरी सोडले’ म्हणजे ‘बरे झाले’ हे समीकरण ज्यांनी मांडले, त्यांच्या डोळ्यांसमोर खुर्चीवर बसून काम करणारा माणूस होता. डोक्यावर पाटी घेणारा, भातलावणीत दिवसभर वाकणारा, वीटभट्टीवर चिखल तुडवणारा माणूस त्यांच्या हिशेबात नव्हता. खुर्चीवरचा माणूस घरी गेल्यावर महिनाभर विश्रांती घेऊ शकतो. हातावर पोट असलेल्याला दुसऱ्या दिवशी कामावर जावे लागते आणि तेथे त्याचे शरीर त्याला साथ देत नाही. त्याचे बरे होणे रुग्णालयाच्या फाटकापाशी संपत नाही. खरे तर ते तेथून सुरू होते.

दुसऱ्या लाटेनंतर, २०२१ च्या पावसाळ्यात, पिरंगुट पट्ट्यातल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणारी आपल्याच समाजातील एक ताई माझ्याकडे आली. अकरा दिवस ती एका खाजगी रुग्णालयात ऑक्सिजनवर होती. आली ती आजार सांगायला नव्हे, तर ठेकेदाराने कामावरून काढले म्हणून दाद मागायला. जिन्याच्या चौदा पायऱ्या चढून आली आणि पाच मिनिटे तिला बोलता आले नाही. मग म्हणाली, “साहेब, कागदावर मी बरी झालेय. पण हंडा उचलला की डोळ्यांपुढं अंधारी येते. ठेकेदार म्हणतो, दम नाही तर काम नाही.”

मी तिची कागदपत्रे पाहिली. बिलात फिजिओथेरपीचे रोजचे पैसे लावले होते. विचारले, कोणी व्यायाम करून घेतला काय? ती म्हणाली, दोनदा एक मुलगा दारात उभा राहून “मावशी, लांब श्वास घ्या” असे सांगून गेला. बिलात आणखी एक वस्तू होती, तीन रंगीत गोळ्यांचे प्लॅस्टिकचे श्वासाचे यंत्र. ते घरी आले, पण कसे वापरायचे हे कोणी सांगितले नव्हते. तिची नात त्याच्याशी खेळत होती. घरी सोडतानाच्या कागदावर औषधांच्या सात ओळी होत्या आणि शेवटी इंग्रजीत एक ओळ होती: छातीचे व्यायाम चालू ठेवावेत. जे सुरूच झाले नव्हते, ते चालू कसे ठेवायचे?

ही एकट्या बाईची कहाणी असती तर तिच्यासाठी हा स्तंभ खर्ची घातला नसता. पण त्यानंतर गावोगावच्या बैठकांत मी हा प्रश्न विचारत गेलो आणि बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळाले. इंजेक्शनचे नाव लोकांना पाठ होते, ऑक्सिजनच्या सिलिंडरचा भाव पाठ होता. पण आजारानंतर शरीर पुन्हा उभे करण्याचेही एक शास्त्र आहे आणि ते मिळणे हा आपला हक्क आहे, हे कोणाला ठाऊक नव्हते.

म्हणून आधी हे शास्त्र काय आहे ते समजून घेऊ. फिजिओथेरपी म्हणजे मालीश नव्हे आणि श्रीमंतांच्या गुडघेदुखीची चैनही नव्हे. कोरोनाच्या रुग्णाच्या बाबतीत तिचे काम खाटेवरच सुरू होते. रुग्णाला पालथे झोपवले की फुप्फुसांच्या पाठीकडच्या भागात हवा पोहोचते आणि प्राणवायूचे प्रमाण सुधारते. केंद्र सरकारनेच एप्रिल २०२१ मध्ये उशा कोठे ठेवायच्या याची चित्रे प्रसिद्ध केली होती. पण नळ्या लावलेल्या, घाबरलेल्या माणसाला पालथे करण्यासाठी शिकलेले हात लागतात. कफ साठला असेल तर तो मोकळा करणे, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवणे, हातपाय हलवून घेणे, मग खाटेच्या कडेला बसवणे, उभे करणे, बोटाला यंत्र लावून प्राणवायू पाहत चार पावले चालवणे, हा त्यापुढचा क्रम. दिसायला साधा, पण कधी थांबायचे हे ज्याला कळते त्यानेच तो करून घ्यायचा असतो.

हे न केल्यास काय होते? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात अतिदक्षता विभागातील गंभीर रुग्णांच्या मांडीचा स्नायू मोजला गेला. दहा दिवसांत तो सहाव्या हिश्श्याहून अधिक झिजला होता. त्याही आधी, २००३ साली, कॅनडातील डॉक्टरांनी फुप्फुसे निकामी होऊन मरणाच्या दारातून परतलेल्या १०९ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला. त्यांच्या फुप्फुसांची क्षमता सहा महिन्यांत बरीचशी पूर्ववत झाली. पण वर्षानंतरही जवळजवळ निम्मेच लोक कामावर परतले होते. कारण स्नायू गेले होते, ताकद गेली होती. म्हणजे छातीचा फोटो स्वच्छ आला तरी माणूस कामाला लायक झाला असे होत नाही, ही गोष्ट कोरोना येण्याच्या सतरा वर्षे आधी वैद्यकशास्त्राला माहीत होती. आम्हाला कल्पना नव्हती, असे कोणी म्हणू नये. चीनमधील वुहान शहरात रुग्णालयातून घरी गेलेल्यांची सहा महिन्यांनी तपासणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांना थकवा किंवा स्नायूंची दुर्बलता होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनानंतरच्या दीर्घ आजाराची अधिकृत व्याख्याही केली.

येथे एक इशाराही दिला पाहिजे. या आजारानंतर काही जणांना श्रम केले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास उलट वाढतो. अशा माणसाला ‘जोर लाव, आळस सोड’ म्हणणे हे त्याला पुन्हा खाटेवर पाडणे होय. त्याला श्रम आणि विश्रांती यांची वाटणी शिकवावी लागते. व्यायाम करताना छातीत दुखले, चक्कर आली, प्राणवायू घसरला तर ताबडतोब थांबावे लागते. म्हणूनच हे काम मोबाईलवरच्या फुकटच्या सल्ल्यावर सोडून चालत नाही. जाणकार माणूस लागतो. आणि तोच जाणकार माणूस गरिबाच्या वाट्याला आलेला नाही.

मुळशी तालुका या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडी, माण, मारुंजीचे माहिती तंत्रज्ञान नगर आहे, काचेच्या इमारती आहेत. मध्ये पिरंगुट, उरवड्याचे कारखाने आहेत. दुसऱ्या टोकाला ताम्हिणीच्या डोंगरात भातखाचरे, कातकऱ्यांच्या वाड्या आणि धरणाचे पाणी. शंभर वर्षांपूर्वी, १९२१ मध्ये, याच खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. जमीन मुळशीची बुडाली आणि वीज मुंबईला गेली. आज वीज घेणारे आणि घाम गाळणारे दोघेही याच तालुक्यात राहतात. पण त्यांचे आजारपण वेगळे आहे.

कोरोनाच्या काळात लवळे येथील सिंबायोसिस विद्यापीठाच्या नव्या रुग्णालयात कोरोनाग्रस्तांवर उपचार झाले. पुणे शहर तर तासाभराच्या अंतरावर, आणि तेथे मोठमोठी रुग्णालये. म्हणजे हा काही गडचिरोलीसारखा दुर्गम भाग नव्हे. तरीही प्रश्न सुटत नाही, कारण तो खाटेच्या अंतराचा नाही, तर खाटेनंतरच्या दिवसांचा आहे. हिंजवडीतल्या अभियंत्याला घरी गेल्यावर संगणकाच्या पडद्यावर फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवत होता, कंपनीचा विमा होता, घरून काम करण्याची मुभा होती. ताम्हिणीकडच्या वाडीतल्या कातकरी बाईला पौडला यायचे तरी एक दिवसाची मजुरी बुडते आणि ससूनला जायचे तर दिवसही जातो आणि पैसेही. फिजिओथेरपी एकदा करून भागत नाही, सहा-आठ आठवडे करावी लागते. मग हिशेब सोपा आहे. ज्याला मजुरी सोडता येत नाही, त्याला बरे होता येत नाही. आणि ज्याला बरे होता येत नाही, त्याला मजुरी मिळत नाही.

त्या दिवसांत श्रमिकांच्या जिवाची किंमत काय होती, याचे विदारक उदाहरण याच तालुक्यात घडले. ७ जून २०२१ रोजी उरवडे येथील रासायनिक कारखान्याला आग लागली आणि पंधराहून अधिक कामगार होरपळून मेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. दुसरी लाट पुरती ओसरलेली नसताना या बायका कारखान्यात होत्या, कारण घरी बसून पोट भरत नाही. जी व्यवस्था कामाच्या जागी त्यांना जिवंत ठेवण्याची काळजी घेत नाही, ती आजारानंतर त्यांच्या श्वासाची काळजी घेईल, ही अपेक्षा भाबडी आहे. ती लढूनच घ्यावी लागेल.

शासनाने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा आपल्या नियंत्रणाखाली आणल्या आणि दर बांधून दिले. साध्या विभागात दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व नागरिकांना खुली केली. ही पावले योग्यच होती. पण ही योजना मुळात रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. खाट सुटली की योजनेचा हातही बहुतांशी सुटतो. आणि केंद्राने काय केले? १३ सप्टेंबर २०२० रोजी कोरोनानंतरच्या काळजीची मार्गदर्शिका काढली. तीत योगासने, प्राणायाम होते आणि सकाळी च्यवनप्राश घेण्याची शिफारस होती. योगाला आमचा विरोध नाही. परंतु ज्या घरात सकाळी चहाला दूध नाही, त्या घराला च्यवनप्राश सांगणे आणि तालुक्याला फिजिओथेरपिस्ट न देणे, याला आरोग्य धोरण म्हणत नाहीत. जबाबदारी शासनाच्या खांद्यावरून काढून रुग्णाच्या खांद्यावर टाकणे म्हणतात.

या सगळ्याची मुळे १८९७ पर्यंत जातात. त्या वर्षी प्लेगच्या साथीत पुणे हादरले होते. त्या वर्षाने आपल्याला दोन वारसे दिले. पहिला वारसा साथरोग कायद्याचा. घरात घुसून झडती, विलगीकरण, सक्ती आणि शिक्षा. दुसरा वारसा सावित्रीबाई फुले यांचा. मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात आणले आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. ज्याची सावलीही टाळली जात होती, त्याला त्यांनी पाठीवर घेतले. १२३ वर्षांनी कोरोना आला, तेव्हा शासनाने १८९७ चा कायदा कपाटातून लगेच बाहेर काढला. सावित्रीबाईंची पाठ मात्र कोणाला आठवली नाही.

आपण बौद्ध आहोत. विनयपिटकातील महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. अतिसाराने तो स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी कारण विचारले, तेव्हा कळले की तो आता इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही म्हणून कोणी त्याची सेवा करत नाही. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून उचलून त्याला खाटेवर नीट निजवले. मग संघाला सांगितले की आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा. ‘उपयोगाचा नाही’ हे कारण अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी फेटाळले. आज तेच कारण ठेकेदार नव्या शब्दांत सांगतो: दम नाही तर काम नाही.

आता कायद्याकडे येऊ, कारण करुणेवर विसंबून हक्क मिळत नसतात. घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ओल्गा टेलिस प्रकरणात मुंबईच्या पदपथावरील झोपडीवासीयांच्या बाबतीत सांगितले. १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. कामगाराचे आरोग्य आणि त्याचा जोम टिकवण्यासाठी वैद्यकीय मदत मिळणे हा मूलभूत हक्क आहे, नोकरीत असताना आणि नंतरही, असे त्या निकालात म्हटले आहे. केवळ जीव नव्हे, जोमसुद्धा! १९९६ साली पश्चिम बंगाल खेत मजदूर समितीच्या प्रकरणात, पैसा नाही ही सबब सांगून सरकारला उपचाराची घटनात्मक जबाबदारी टाळता येत नाही, असे ठरले. आणि १८ डिसेंबर २०२० रोजी, ऐन कोरोनात, परवडणारे उपचार हा आरोग्याच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने पुन्हा सांगितले. हे चार निकाल एकत्र वाचले तर एकच अर्थ निघतो. श्रमिकाला पुन्हा श्रम करण्यास समर्थ करणे हा उपचाराचाच भाग आहे. ती मेहेरबानी नव्हे.

याहून महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. कोरोनात मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये मिळाले. ते ३० जून २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मिळाले आणि तो निकाल आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या १२ व्या कलमावर आधारलेला होता. ते कलम त्या वेळी काय सांगत होते? आपत्तीग्रस्तांना द्यायच्या किमान मदतीत जीवितहानीबद्दल अनुदान असावे आणि त्याच वाक्यात पुढे उपजीविकेचे साधन पूर्ववत करण्यासाठीही मदत असावी. वाक्याचा पहिला अर्धा भाग न्यायालयात वाचला गेला, त्यावर आदेश झाला. दुसरा अर्धा भाग मात्र तसाच राहिला. पुरात शेतकऱ्याचा बैल वाहून गेला तर ते उपजीविकेचे साधन बुडाले, असे सरकार मानते. मच्छीमाराची होडी फुटली तरी मानते. मग ज्याच्याकडे ना बैल, ना होडी, ना जमीन, त्या भूमिहीनाचे उपजीविकेचे साधन कोणते? त्याचे स्वतःचे शरीर! ते कोरोनाने मोडले, तर त्याची दुरुस्ती या कलमात का येऊ नये? हा युक्तिवाद आम्ही वकिलांनी वेळेवर उच्च न्यायालयात मांडायला हवा होता. मांडला नाही. ही चूक माझ्यासकट आम्हा सर्वांची आहे. मेलेल्यांसाठी शासनाला पैसे द्यावे लागले. जगून अपंगासारखे झालेल्यांची तर मोजदादही झाली नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात मजूर मंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल त्यांच्याच कारकिर्दीत, १९४४ साली, आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. त्या मूळ कायद्याच्या १९ व्या कलमात विमाधारकांचे आरोग्य सुधारणे आणि अपंग किंवा जखमी झालेल्यांचे पुनर्वसन करून त्यांना पुन्हा कामावर लावणे, यासाठी उपाय करण्याचा अधिकार महामंडळाला दिला होता. पुनर्वसन आणि पुन्हा काम हे दोन शब्द एका दमात लिहिणारा कायदा आपल्याकडे पाऊणशे वर्षांपूर्वी होता! आता तो कायदा जाऊन नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. या बदलात कंत्राटी आणि असंघटित कामगाराच्या पुनर्वसनाचे काय होणार, यावर चळवळीने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे.

काही मित्र म्हणतील, वकीलसाहेब, सरकारी दवाखान्यात डॉक्टरच जागेवर नसतो, तेथे फिजिओथेरपिस्ट कोठून आणणार? प्रश्न रास्त आहे. पण हे उत्तर ऐका. ही सगळ्यांत स्वस्त उपचारपद्धतींपैकी एक आहे. चीनमध्ये रुग्णालयातून घरी गेलेल्या १२० कोरोना रुग्णांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना मोबाईलवरून देखरेख ठेवून सहा आठवडे घरच्या घरी व्यायाम दिला. सहा मिनिटांत माणूस किती चालतो, या चाचणीत ते इतरांपेक्षा सरासरी ६५ मीटरने पुढे गेले. ब्रिटनमध्ये ५८५ लोकांवर असाच मोठा अभ्यास झाला आणि २०२४ मध्ये त्याचा निष्कर्ष आला. गटाने, घरबसल्या, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली केलेल्या पुनर्वसनाने लोकांचे जगणे सुधारले. यासाठी कोट्यवधींची यंत्रे लागत नाहीत. एक जाणकार माणूस, एक खुर्ची, बोटाला लावायचे यंत्र आणि चालायला सपाट जागा लागते.

जाणकार माणसेही आहेत. शिष्यवृत्तीवर फिजिओथेरपीची पदवी घेतलेल्या आपल्या वस्त्यांतल्या मुली मी पाहतो. खाजगी दवाखान्यांत तुटपुंज्या पगारावर त्या राबतात. सुरुवातीला सांगितलेल्या ताईला अखेर अशाच एका मुलीने व्यायाम शिकवला. आमच्या विहाराच्या ओसरीवर, आठवड्यातून दोनदा, दीड महिना. आधी खुर्चीतून उठणे-बसणे, मग ओसरीच्या फेऱ्या, शेवटी अर्धा भरलेला हंडा. ताईची कारखान्यातली नोकरी गेली ती गेलीच, ठेकेदाराने हजेरीपटावर तिचे नावच नसल्याचे दाखवले. पण पुढच्या वर्षी ती लावणीला जाऊ शकली. एका मुलीच्या बारा-पंधरा तासांच्या श्रमाने जे झाले, ते शासनाच्या पूर्ण यंत्रणेने केले नाही.

कोणी म्हणेल, कोरोना संपला. जागतिक आरोग्य संघटनेनेही ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी उठवली. आता हा विषय कशाला? कारण साथ जाते, व्यवस्था तीच राहते. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, किरकटवाडी, नांदेड, धायरी भागात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतली शक्ती जाणे हेच या आजाराचे लक्षण आणि त्यातून उठायला कित्येक महिने फिजिओथेरपी लागते. पुन्हा चर्चा झाली ती इंजेक्शनच्या किमतीची, व्हेंटिलेटरची, दूषित पाण्याची. ती व्हायलाच हवी होती. पण घरी गेलेल्या माणसाचे पुढे काय, हा रकाना पुन्हा कोराच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीत वाद रंगला तो फिजिओथेरपिस्टने नावापुढे डॉक्टर लावावे की लावू नये, यावर. एक पत्र निघाले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले गेले. नावापुढे काय लावायचे ते त्यांनी ठरवावे. आमचा प्रश्न इतकाच आहे की हा माणूस पौडला कधी मिळणार?

म्हणून तालुक्यातालुक्यातील आंबेडकरी कार्यकर्त्यांनी काही गोष्टी हाती घेतल्या पाहिजेत. पहिली, आपापल्या ग्रामीण रुग्णालयात माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फिजिओथेरपिस्टचे पद मंजूर आहे काय, भरले आहे काय, किती रुग्णांना सेवा मिळाली, हे लेखी मागा. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे आणि त्यात या पातळीवर पुनर्वसन सेवा अपेक्षित आहे, याची आठवण द्या. दुसरी, जन आरोग्य योजनेत घरी सोडल्यानंतरच्या किमान सहा आठवड्यांच्या पुनर्वसनाचा समावेश करण्याची मागणी आमदारांकडे लावून धरा. तिसरी, दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या २७ व्या कलमाने पुनर्वसनाची जबाबदारी शासन आणि स्थानिक संस्था या दोघांवर टाकली आहे. ग्रामपंचायतीचा आणि जिल्हा परिषदेचा दिव्यांगांसाठी राखलेला पाच टक्के निधी कोठे जातो, हे ग्रामसभेत विचारा. चौथी, रुग्णालयाचे बिल तपशीलवार मागून घ्या. न केलेल्या फिजिओथेरपीचे पैसे लावले असतील तर लेखी तक्रार करा. पाचवी, विहारे उघडा. वर्षातून चार कार्यक्रम आणि उरलेले दिवस कुलूप, ही स्थिती बदलून आठवड्यातून एक दिवस आजारातून उठलेल्यांसाठी द्या.

कोरोनाच्या काळात चळवळीने खूप केले. धान्य वाटले, रुग्णवाहिका मिळवल्या, ज्यांना नातेवाइकांनी हात लावला नाही अशांचे अंत्यविधीही आपल्या पोरांनी केले. पण आपणही शासनाप्रमाणेच माणूस घरी आला की निश्चिंत झालो, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती आल्यावर पुन्हा तीन रकाने छापले जातील. त्या वेळी चौथा रकाना मागण्याची तयारी आजपासून करावी लागेल: घरी गेलेल्यांपैकी किती जण पुन्हा कामावर गेले? श्रमिकाच्या दृष्टीने बरे होण्याचा खरा दर तोच आहे.

जयभीम!